टाळू भरताना

आधी माफी मागते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. आटपाडीकडच्या आमच्या गावात त्याच्या पुढची शाळा नव्हती, आणि मुलीला रोज दुसऱ्या गावाला कोण पाठवणार? त्यामुळे शुद्धलेखन कच्चं आहे. कुठं पहिली वेलांटी द्यायची आणि कुठं दुसरी, हे मला अजून नीट कळत नाही. अक्षरही वाईट. ओळ सरळ सुरू होते आणि कागदाच्या कडेला जाईपर्यंत खाली घसरते. हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण माझ्या माघारी कुणाच्या हाती पडलंच तर त्यानं अक्षराला हसू नये, एवढंच म्हणणं.

बोलायचं मला पहिल्यापासून जमत नाही. पाहुणे आले की चहा मी आतून पोरांच्या हाती पाठवायची. लग्न होऊन साताऱ्याला आले, तर सासूबाईंचं काम बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. त्यांचे गुडघे धरले आणि ते काम माझ्याकडं आलं. मला ते फार आवडलं, कारण त्यात माणसांशी बोलावं लागत नाही. बाळाशी काहीही बोललं तरी चालतं.

न्हाणीत पाटावर बसायचं, पाय लांब सोडायचे आणि बाळाला नडग्यांवर पालथं, मग उताणं घ्यायचं. तेल चोळायचं, डाळीचं पीठ आणि हळद लावायची, कढत पाणी हातानं बघून ओतायचं. पुसून झालं की ओव्याची, वेखंडाची धुरी. आणि शेवटी टाळू भरायची. बाळाच्या डोक्यावर मधोमध एक मऊ जागा असते, तिथं हाड अजून जुळून आलेलं नसतं. तळहातावर तेल घेऊन त्या जागेवर ठेवायचं आणि थोपटून जिरवायचं. सासूबाईंनी शिकवलं होतं की तिथं बोट लावायचं नाही, सपाट हातच ठेवायचा. त्या हाताखाली काहीतरी हलत असतं, तापत्या दुधावर साय हलते तसं. माझी दोन्ही मुलं माझ्याच पायांवर न्हाली. तेव्हा मला कसलीही भीती वाटली नव्हती.

आमच्या गल्लीत केबल आली त्या वर्षीची ही गोष्ट. आमचे मालक कामाला होते ती कंपनी बंद पडली होती. एका रिटायर सुभेदारांच्या सुनेला मुलगा झाला आणि त्यांच्या घरचं काम मला मिळालं. घरात किराणा नव्हता, म्हणून मी सुभेदारांच्या बायकोकडं, काकूंकडं, बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंतचे सगळे पैसे आधीच मागितले. मागताना माझी नजर फरशीवर होती. काकूंनी दिले.

सून शहरातली होती. एक दिवस मी टाळूवर तेल ठेवलं तशी ती म्हणाली, “डॉक्टरांनी सांगितलंय हं, तिथं दाबायचं नाही.”

काकू बाहेरून ओरडल्या, “आगं, आमची सगळी पोरं टाळू भरूनच वाढल्यात. एकाचं तरी डोस्कं चेपलंय का बघ.”

दोघी हसल्या. मीही हसले. हात टाळूवर होता आणि माझ्याच आत कुणीतरी म्हणालं, दाब. अंगठा दाब.

मी हात उचलला. बाळ माझ्याकडं बघून तोंड वेडंवाकडं करत होतं. मी त्याला तसंच दुपट्यात गुंडाळलं आणि आईकडं दिलं.

तो विचार दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. मग रोज, मग रस्त्यानं जातानाही. घरी भाकरी थापताना अंगठ्याखाली पीठ दबलं की मी हात मागं घ्यायची. मी दाबलेलं नाही हे मला ठाऊक असायचं, आणि दाबलं नसेल कशावरून, हेही त्याच मनात असायचं. मी देवाचं नाव घ्यायची. नाव घेताना मध्ये तो विचार आला की पुन्हा पहिल्यापासून. मग काहीतरी निमित्त काढून काकूंच्या दारात जायची.

“काकू, माझी तेलाची वाटी ऱ्हायली का हितं?”

वाटीशी मला काय करायचं होतं? बाळाची छाती वरखाली होते का, तेवढं बघायचं होतं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा काकू म्हणाल्या, “तुझी वाटी काय सोन्याची हाय का गं?”

मग लाजेनं जाणं बंद केलं आणि कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून त्यांच्या घरी फोन करायला लागले. कुणी “हॅलो” म्हणालं आणि आवाज साधा असला की फोन ठेवायचा. घरात काही झालं असतं तर आवाज असा नसता, हे माझं गणित. ते गणित चहा होईपर्यंत टिकायचं. बूथवाला एकदा म्हणाला, “वहिनी, नुसतं ऐकलं तरी बिल पडतं बरं का.” मी दुसऱ्या बूथवर जाऊ लागले.

शेवटी मी उजव्या अंगठ्याला चिंधी बांधली. बांधलेला अंगठा दाबणार कसा? काकूंनी विचारलं तर म्हणाले, नखुरडं झालंय. झालं! काकूंनी लिंबू आणलं, त्याला भोक पाडलं आणि माझ्या अंगठ्यावर टोपीसारखं घट्ट बसवलं. नखुरड्याला हेच औषध. आता नको म्हणावं तर खोटं उघडं पडतंय. धडधाकट अंगठ्यावर लिंबू घालून मी राजवाड्यापर्यंत चालत गेले. ओळखीच्या बायका थांबून विचारायच्या, ठणका हाय का? मी हाय म्हणायची. चार बोटांनी बाळाला न्हाऊ घालायची. सून म्हणाली, “मावशी, लिंबाचा वास येतो बाळाला, लोणचं घालताय का?”

थोडे दिवस बरे गेले. मग तो विचार डाव्या अंगठ्यात गेला. तिथून कोपरात, तिथून कढत पाण्याच्या तांब्यात. एका सकाळी बाळ नडग्यांवर होतं, साबण लागलेला होता, सून केस वाळवत होती आणि न्हाणीत आम्ही दोघंच होतो. मला वाटलं, आता होणार. मी बाळाला साबणासकट उचललं, आईच्या मांडीवर ठेवलं आणि “मला बरं न्हाई” म्हणून निघाले. चपला त्यांच्या दारात राहिल्या. पुन्हा त्या घरी गेले नाही. पैसे तर केव्हाच खर्च झाले होते.

घरी मी ताप आहे म्हणून पडून राहिले. शेजारणीचं पोर रांगत दारात आलं की मी मोरीत जाऊन उभी राहायची. सासूबाईंनी दृष्ट काढली. मालकांना वाटलं कामानं दमली. त्यातच सांगलीहून निरोप आला की धाकट्या बहिणीला मुलगी झाली. आमची आई गेलेली. बाळंतपणाला मीच जायचं, हे कधीचं ठरलेलं.

मालक म्हणाले, “जा की. सख्ख्या भनीचं बाळंतपण हाय. तुलाबी बरं वाटंल.”

काय सांगणार? मुलांना सासूबाईंकडं ठेवून निघाले. एस.टी.त मी खिडकीशी बसले. पुढच्या बाकावरच्या बाईच्या खांद्यावर एक बाळ मान टाकून झोपलं होतं, त्याचं डोकं माझ्या हाताच्या अंतरावर. मी दोन्ही हात मांडीखाली घालून सांगलीपर्यंत तशीच बसले. उतरले तेव्हा हाताला मुंग्या आल्या होत्या. स्वयंपाक करू, धुणं धुऊ, पण बाळाला हात लावायचा नाही, असं ठरवूनच मी तिच्या घरात पाय टाकला.

बहिणीचं घर हळदीच्या बाजाराजवळ. मेव्हणे तिथं तोलाईला, पोत्यांचं वजन करायला. त्यांच्या सदऱ्याला, दाराच्या कडीला, उशीलासुद्धा हळदीचा वास. बहीण माझ्या उलट, तोंडाची फटकळ. माझ्या अंगठ्यावर अजून बांधलेली चिंधी बघून म्हणाली, “तुज्या सासूनं निरोपात सांगितलं तवापास्नं नखुरडं? बघू.”

“नगं.”

तिनं हात धरून चिंधी ओढलीच. आत अंगठा पांढरा पडलेला, पाण्यात भिजल्यासारखा सुरकुतलेला, बाकी ठणठणीत.

“आगं, ह्याला काय झालंय? माज्या तोंडापरास बरा दिसतोय!”

मग मी तिला सांगितलं. जन्मात पहिल्यांदा सांगितलं. किती वेळ बोलले आठवत नाही. बाळ तिच्या शेजारी झोपलेलं होतं. तिनं ऐकता ऐकता पांघरूण नीट केल्यासारखं केलं आणि बाळाला स्वतःकडं वीतभर ओढून घेतलं.

तिला ते कळलंही नसेल. मला कळलं. मी खरंच तसलीच आहे, असं मला त्या वेळी वाटलं.

मग ती म्हणाली, “जेवलीस का?” आणि थोड्या वेळानं, “तू मान्सं बघून दाराआड जातीस. तू कुनाला मारनार गं?” आणि रडायला लागली.

ती ज्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली, तिथं मनाच्या डॉक्टर बसतात, असं तिथल्या नर्सनं तिला सांगितलं होतं. मला जायचं नव्हतं. मला वाटत होतं, हे ऐकलं की त्या पोलिसांना बोलावतील, नाहीतर कोंडून ठेवतील. मेव्हण्यांनी रिक्षा आणली. बाहेरच्या बाकावर बसले तेव्हा तिथून पळून जायचं माझ्या मनात होतं, पण बहिणीनं पदर धरून ठेवला होता.

डॉक्टरीणबाई वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी जमिनीकडं बघून बोलत होते, पण त्यांनी “वर बघा” असं म्हटलं नाही, ते मला बरं वाटलं.

“हा विचार आला की तुम्हाला बरं वाटतं का?” त्यांनी विचारलं.

“न्हाई ओ! जीव जातो माजा.”

“असले नको ते विचार पुष्कळांच्या मनात येतात. त्यांना ते सोडून देता येतात, तुमच्या मनाला ते चिकटतात. हा आजार आहे. तुम्ही वाईट नाही. हे मी आज सांगितलं, पुन्हा सांगणार नाही.”

“का ओ?”

“तुम्ही रोज विचाराल म्हणून. फोन करून ऐकत होतात, तसंच ते होईल.”

मग त्यांनी उपाय सांगितला. मला वाटलं होतं विचार घालवायचं औषध देतील. गोळ्या दिल्या त्यांनी, तोंड कोरडं पडायचं त्यानं. पण मुख्य औषध उलटंच होतं. ज्याला भिते तेच करायचं. विचार आला तर येऊ द्यायचा, देवाचं नाव घेऊन पुसायचा नाही, चिंधी बांधायची नाही, बाळ बरं आहे ना हे कुणाला विचारायचं नाही. भीतीसकट तिथंच बसायचं, ती आपण होऊन उतरेपर्यंत.

“आनि न्हाई उतरली तर?”

“वेळ लागतो. पण उतरते.”

“आनि खरंच दाबला तर?”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मी काय म्हणाले मघाशी?”

भीती किती आहे हे शून्य ते शंभरात सांगा म्हणाल्या. मला ते जमेना. मग म्हणाल्या, “बरं, आण्यात सांगा.” ते मला जमलं. सोळा आणे, मी म्हणाले.

पहिल्या दिवशी त्यांनी मला तो विचार मोठ्यानं बोलायला सांगितलं. मी नाही म्हणून मान हलवली. मग त्याच बोलल्या, अगदी सहज, वाणसामान सांगावं तशा, “माझ्या अंगठ्यानं टाळू दाबली जाईल आणि बाळ जाईल. म्हणा.” असलं बोलायचं म्हणजे अभद्र. आमच्यात तान्ह्या बाळाला वजनदार आहे असंही म्हणत नाहीत, दृष्ट लागते. मी पदर तोंडात धरला. पण त्यांनी घाई केली नाही. बोलले शेवटी. बोलत राहिले. कितव्यांदा तरी बोलताना माझ्या लक्षात आलं की मला जांभई येतेय, आणि त्या जांभईचीही मला भीती वाटली.

घरी चिंधी चुलीत गेली. आधी नुसतं बाळाच्या खोलीत बसायचं होतं. मग पायाला हात लावायचा. मग मांडीवर घ्यायचं. रोज वाटायचं आज होणार, आणि संध्याकाळी तेच वाटणं उरायचं, उद्या होणार. ज्या दिवशी पहिल्यांदा नडग्यांवर घेतलं, त्या दिवशी माझे पाय इतके थरथरत होते की बाळाला तो पाळणाच वाटला असावा, ते झोपी गेलं.

डॉक्टरीणबाईंनी बहिणीलाही बजावलं होतं की हिला धीर द्यायचा नाही. बहिणीला ते फार लागू पडलं.

“आगं, कायी झालं न्हाई न्हवं तिला?” मी विचारायची.

“कुनाला ठाव! सांजपातूर कळंल.”

“आसं नगं गं बोलू.”

“बाईंनी सांगितलंय. मला काय इच्यारतीस?”

एकदा मेव्हण्यांनी चुकून “कायी न्हाई, चांगली खेळतीय” म्हटलं, तर ती त्यांच्यावरच धावली. “तुमी मदी बोलू नगासा! आवशीद बिघडंल!” मला हसू यायचं, पण भीती जायची नाही. शब्द चेष्टेचे होते, पण खरंच कुणाला ठाऊक नव्हतं. ते तसंच सोडून द्यायचं, हेच तर औषध होतं.

मग ती सकाळ आली. टाळू भरायची, एकटीनं. बहीण कानाला रुमाल बांधून मारुतीच्या देवळापर्यंत जाणार, दार ओढून घेणार. जाताना तिनं बाळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि दार ओढून घेतलं. तिच्यासाठीही ते सोपं नव्हतं. पुढं एकदा तिनं सांगितलं की ती देवळात गेलीच नाही, कोपऱ्यावर पिठाच्या गिरणीत उभी होती.

मी न्हाऊ घातलं. पुसलं, धुरी दिली. तळहातावर तेल घेतलं. आत आवाज आला, दाब. मी डॉक्टरीणबाईंनी शिकवल्यासारखं मनात म्हटलं, असेल, दाबलाही जाईल. आणि हात ठेवला. सपाट. तापत्या दुधावरची साय. माझा अंगठा मला दिसत होता, चिंधीशिवाय, बाळाच्या कपाळापाशी. सोळा आणे. हात उचलावा असं अंगातलं सगळं रक्त सांगत होतं. मी उचलला नाही. तेल जिरेपर्यंत थोपटलं. मग आणखी थोडा वेळ ठेवला, कारण पळ काढायचा नव्हता.

बाळ झोपलं. मी त्याला झोळीत घातलं आणि स्वयंपाकघरात आले. आता खरं अवघड होतं. जाऊन बघायचं नव्हतं. मी तांदूळ निवडायला घेतले. आतून आवाज नाही. झोळीची दोरी कुरकुरत होती तीही थांबली. एवढं शांत का? झोपलेलं बाळ मधूनच कण्हतं, हे का नाही? मला दिसायला लागलं की बहीण येईल, झोळीत वाकेल आणि तिच्या तोंडून आवाज निघेल. तो आवाज मला ऐकू आला. मी उठले, दारापर्यंत गेले, चौकटीला हात लावला. चार पावलांवर झोळी. बघितलं असतं तर सगळी भीती क्षणात गेली असती, आणि उद्या पुन्हा आली असती. हे मला त्या चौकटीत उभी असताना पहिल्यांदा खरं कळलं. तोवर मी फक्त डॉक्टर सांगतात म्हणून करत होते.

मी परत येऊन ताटापाशी बसले. तांदळात काय होतं काय नाही, मला दिसत नव्हतं. भीती चढली, आणखी चढली, आणि मग पाठीवरचं ओझं कुणी हळूहळू उतरवून घ्यावं तशी खाली येऊ लागली. बाळ अजून गप्पच होतं. कुणी मला सांगितलं नव्हतं की ते जिवंत आहे. तरी ती उतरत होती.

बहीण आली, सरळ झोळीकडं गेली. मी मान वर केली नाही.

“मुतलीया बघ,” ती आतून म्हणाली. “दुपटं दे.”

दवाखान्यात सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आता रोज हेच.” शाबासकी वगैरे काही नाही. रोज तेच केलं. कधी बारा आणे, कधी सहा, मध्येच एखाद्या दिवशी विनाकारण पुन्हा सोळा. विचार गेला नाही. तो आला तरी हात चालू लागला, एवढंच झालं.

बाळ मान धरायला लागलं तशी मी साताऱ्याला परतले आणि सगळ्यात आधी काकूंच्या दारात गेले. त्यांनी दुसरी बाई ठेवली होती. मला बघून त्या उठल्याही नाहीत.

“आलीस व्हय? साबन लावलेलं प्वार टाकून गेलीस ती?”

“चुकलं, काकू.”

“चुकलं काय? काय झालं ते तरी सांग. पैशापायी पळालीस आसं गल्ली म्हनती.”

“भ्याले हुते.”

“कुनाला?”

“मलाच.”

काकूंनी एकदा आतल्या दाराकडं बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “आमचं ह्येबी गच्चीच्या कठड्यापाशी जात न्हाईत. पलटनीत व्हते तरी. इच्यारलं तर सांगत न्हाईत.” आणि लगेच आवाज चढवून, “पन पैसं मातर दे हां. जेवढं दीस आलीस तेवढं कापून बाकीचं सगळं. फुकट सोडायची न्हाई मी.”

“दीन.”

“कुठनं? तुला कोन बोलवनार आता?”

कुणी बोलावलं नाही, हे खरं. मध्येच सोडून जाणारी बाई, हे नाव झालं होतं. दिवाळी होऊन गेली तरी मी रिकामीच होते. मग काकूंनीच मागल्या आळीतल्या एका घरी माझं नाव सांगितलं. का सांगितलं, मी विचारलं नाही. त्यांना त्यांचे पैसे हवे होते, असंही असेल.

त्या घरी पहिल्या दिवशी जिन्यात माझे पाय अडले. वरून बाळ रडत होतं. बारा आणे तर नक्की. मी वर गेले, पाटावर बसले, पाय सोडले. आजीबाईंनी बाळ माझ्या नडग्यांवर ठेवलं आणि म्हणाल्या, “टाळू नीट भर गं, पाक खाली बसलीया.”

भरली. परत जाऊन वाटी विचारली नाही. बूथवरून जाताना पाय रेंगाळले, पण आत गेले नाही.

त्या घरचे पैसे मिळाले की निम्मे घरात आणि निम्मे काकूंना. त्यानंतर आणखी एक घर मिळालं, मग दोन. काकू प्रत्येक वेळी नोटा मोजून घ्यायच्या, चहा द्यायच्या आणि किती हिशेब राहिला ते तोंडानं सांगायच्या. उन्हाळा लागला तेव्हा एका दुपारी मी शेवटचे पैसे त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी मोजले, पुन्हा एकदा मोजले आणि कमरेच्या पिशवीत घातले.

“फिटलं,” त्या म्हणाल्या.